मारियाची एल ब्रॉन्क्सचे पहिले तीन अल्बम: चाहत्यांचं भांडण, आणि कान लावावा कुठे

प्रश्न थोडक्यात असा: ‘मारियाची एल ब्रॉन्क्स’ या अमेरिकन बँडचे पहिले तिन्ही अल्बम ऐकले. (मारियाची म्हणजे मेक्सिकोचं पारंपरिक संगीत, गिटारसारखी तारवाद्यं, व्हायोलिन आणि ट्रम्पेट यांवरचं.) चाहत्यांत चांगलीच जुंपलेली दिसते. कुणाला पहिलाच खरा वाटतो, कुणी म्हणतं इंग्रजीत गायलं की मारियाची संपलं, आणि तिसऱ्याला तर काहीजण मारियाची म्हणायलाच तयार नाहीत. यात तथ्य किती? आणि आमच्या पाचसहा जणांच्या ग्रुपला या धाटणीचं एखादं गाणं बसवायचं असेल, तर ती वाद्यं नसताना जमेल का?

आधी नावांचा घोळ. या तिन्ही अल्बमांचं नाव एकच आहे, ‘मारियाची एल ब्रॉन्क्स’. ओळखायचे ते वर्षावरून: २००९, २०११, २०१४. शिवाय ही मंडळी मुळात लॉस एंजेलिसचा हार्डकोर पंक, म्हणजे वेगवान, आक्रमक रॉक वाजवणारा बँड, ‘द ब्रॉन्क्स’, आणि त्यांनी पंक अल्बमांनाही बँडचंच नाव देण्याची सवय लावून घेतलेली. त्यामुळे ‘पहिला अल्बम भारी’ आणि ‘पहिला अल्बम काहीच नाही’ म्हणणारे दोघे कित्येकदा दोन वेगळ्या रेकॉर्डबद्दल बोलत असतात. वाद घालायच्या आधी वर्ष विचारा. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

उरलेल्या निम्म्याबद्दल माझं मत सरळ आहे. चाहते भाषेवर, पोशाखावर, सिंथेसायझरवर भांडतात. मारियाची ठरतं ते उजव्या हातावर, म्हणजे विउएला आणि गिटारॉन वाजवणाऱ्यांच्या. या दोन वाद्यांना, त्यांच्या जोडीच्या गिटारसकट, तिकडे ‘आर्मोनिया’ म्हणतात. पारंपरिक ताफ्यात ड्रम नसतो. ठेका धरायचं सगळं काम या तारांचं. ट्रम्पेट आणि व्हायोलिन म्हणजे दर्शनी भाग. घर उभं असतं ते आर्मोनियावर.

विउएला ही पाच तारांची, पाठीला फुगीर, छोटी गिटार. तिची मेख तारा लावण्याच्या पद्धतीत आहे. तारा ए, डी, जी, बी, ई अशाच, गिटारच्या वरच्या पाचांसारख्या, पण त्यातल्या ए, डी आणि जी एक सप्तक वर चढवलेल्या. त्यामुळे सगळ्यात उंच आवाजाची तार मधोमध येते आणि पाचही तारा जेमतेम एका सप्तकात दाटीवाटीने बसतात. हात वरून खाली मारा की खालून वर, झणत्कार जवळजवळ एकाच क्षणी फुटतो, गिटारसारखा खालून वर ओघळत येत नाही. म्हणूनच तिचा ‘चक’ इतका कोरडा आणि नेमका. गिटारॉन याच्या उलट. सहा तारा, अवाढव्य पोट, आखूड मान, पडदे नाहीत. तो बहुतेक वेळा एका तारेवर वाजत नाही. दोन तारा एकदम ओढून तोच स्वर दोन सप्तकांत काढतात. आवाज मोठा, पण लगेच विझणारा. हे विझणं महत्त्वाचं आहे, पुढे लागेल.

आता ताल. रांचेरा हा गाण्यांचा प्रकार दोन मात्रांचा असतो, तीन मात्रांचा वॉल्ट्झ असतो, किंवा चार मात्रांचा बोलेरो. हे कुणालाही पटकन कळतं: गिटारॉनचा ‘धुम’, विउएलाचा ‘चक’. धुम-चक, किंवा धुम-चक-चक. खरी गोम ‘सोन’मध्ये, म्हणजे जुन्या नाचगाण्यांच्या प्रकारात आहे, त्यातही पश्चिम मेक्सिकोतल्या हालिस्को प्रांताच्या सोनमध्ये, जिथून मारियाची आलं. आपल्याला दादरा माहीत आहे, धा धी ना, धा तू ना. सहा मात्रा, तीन-तीन. त्याच सहा मात्रा दोन-दोन-दोन अशाही तोडता येतात. सोनमध्ये हे दोन्ही हिशेब चालू असतात. एक फेरी तीन-तीनची, पुढची दोन-दोन-दोनची, असं बारा मात्रांचं आवर्तन फिरतं, आणि बऱ्याच ठिकाणी आर्मोनिया एका हिशेबात तर गाणारा दुसऱ्या हिशेबात असतो. तबल्याशी परिचय असलेल्याला यात आडलयीची ओळखीची खाज जाणवेल. टाळी कुठे द्यायची ते ठरत नाही. ते ठरत नाही यातच मजा आहे.

या तराजूत तिन्ही अल्बम घाला. ड्रम तिन्हीकडे आहेत, कारण बँड रॉकचा आहे. सहा मात्रांच्या गाण्यात ड्रमरने पहिल्या मात्रेवर किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि चौथीवर स्नेअर (तळाला तारा असलेला छोटा, कडक ड्रम) मारला, की कानाला तीन-तीनचा खुंटा मिळतो. मग विउएलाने कितीही दोन-दोन-दोन वाजवू दे, ऐकणाऱ्याला ती ठेक्याबाहेर गेल्यासारखी वाटते. दुहेरी हिशेब मरतो. उरतं ते ट्रम्पेट लावलेलं रॉक वॉल्ट्झ. २००९च्या अल्बमात ड्रम बऱ्यापैकी मागच्या बाकावर आहेत, आर्मोनियाच्या पावलावर पाऊल टाकत जातात. ‘पहिलाच खरा’ म्हणणाऱ्यांना जे जाणवतं, ते हेच. गाणी मात्र पहिल्या अल्बमात सगळीच सारखी ताकदीची नाहीत. काही ठिकाणी पंकमधली तीन कॉर्डची सवय तशीच राहिली आहे, फक्त वाद्यं बदलली आहेत.

२०११चा अल्बम मला तिघांत सरस वाटतो, आणि हे मत बरेच जुने चाहते धरून आहेत. व्हायोलिनच्या रचना भरदार झाल्या आहेत. ट्रम्पेटची जोडगोळी फक्त सुरुवातीला आणि मधे येऊन सलाम ठोकून जात नाही, गाणाऱ्याच्या ओळींच्या फटीत उत्तरं देते. मारियाचीतली ही उत्तरं सहसा दोन ट्रम्पेट मिळून तिसऱ्या किंवा सहाव्या स्वराच्या अंतराने देतात. एकाच सुरात दोन ट्रम्पेट वाजले की लष्करी वाटतात, तिसऱ्याच्या अंतराने वाजले की गोडवा येतो. याच अल्बमात एका गाण्याच्या नावातच ‘नोर्तेन्यो’ आहे, आणि ही खूण प्रामाणिक आहे. नोर्तेन्यो म्हणजे उत्तर मेक्सिकोचं अकॉर्डियनवालं संगीत, मारियाचीचं भावंड, पण मारियाची नव्हे. एल ब्रॉन्क्स मेक्सिकोच्या दोनतीन प्रांतांचं संगीत एका ताटात वाढतात. ‘शुद्ध नाही’ अशी तक्रार करायची असेल तर ती इथे करावी. ती तक्रार रास्त आहे, भाषेची नाही.

२०१४च्या अल्बमात सिंथेसायझर येतो आणि चाहते बिथरतात. ‘मारियाचीत सिंथ कशाला?’ या प्रश्नाला मी फार किंमत देत नाही, कारण ट्रम्पेटचंही असंच झालं होतं. १९०८ साली कोकुला गावच्या चौकडीची जी ध्वनिमुद्रणं झाली, ती मारियाचीची अगदी सुरुवातीची, त्यात ट्रम्पेट नाही. तो रूढ झाला १९३० नंतर, रेडिओच्या काळात. दोन ट्रम्पेटची जोडी पक्की झाली ती १९५०च्या दशकात. आज जो आवाज ऐकून आपण ‘अस्सल मेक्सिको’ म्हणतो, तो त्या काळी नवखा होता. तेव्हा सिंथेसायझर आला म्हणून काही बिघडलं नाही. बिघडलं ते तो वाजतो कसा यामुळे. सिंथचा लांब चालणारा सूर विउएलाच्या दोन ‘चक’मधली मोकळी जागा भरून टाकतो. गिटारॉनचा स्वर विझतो तेव्हा जी हवा खेळते, ती इथे खेळत नाही. त्यात ड्रम आता पुढाकार घेतात आणि आर्मोनिया त्यांच्या मागे जाते. तिसऱ्या अल्बमाला नाकारणाऱ्यांचा निकाल म्हणूनच बरोबर आहे, कारण चुकीचं. आणि एक कबूल करायला हवं: निव्वळ गाणी म्हणून यातली तीनचार पहिल्या अल्बमातल्या निम्म्या गाण्यांपेक्षा पक्की आहेत.

भाषेचं काय? गाणी इंग्रजीत आहेत यात तत्त्वाचा प्रश्न नाही, तंत्राचा आहे. स्पॅनिशमध्ये शब्द बहुतेक स्वरावर किंवा मोकळ्या व्यंजनावर संपतात. ‘आमोर’, ‘कोरासोन’, ‘वीदा’. ओळीच्या शेवटी गायक तो स्वर ताणून धरतो, हळूहळू कंप देतो, आणि वादक थांबून राहतात. इंग्रजी शब्द ट, ड, क, स यांवर धाडकन बंद होतात, ताणायला काही हाती लागत नाही. शिवाय स्पॅनिशमध्ये सगळी अक्षरं जवळपास सारख्या लांबीची असल्याने लोकगीतांची आठ अक्षरांची ओळ सहा मात्रांच्या ठेक्यात दोन्ही हिशेबांना पुरून उरते. इंग्रजीत जोर पडणारी अक्षरं ठरलेली, ती ज्या हिशेबात बसतात त्यातच ओळ अडकते. एल ब्रॉन्क्सचा गायक यातून वाट काढतो ती अशी: ओळी आखूड ठेवतो, आणि ताण द्यायचा तिथे उघड्या स्वराचे शब्द योजतो. सगळीकडे जमत नाही. जिथे ओळीत शब्दांची गर्दी झाली आहे तिथे मागची आर्मोनिया जरा अवघडल्यासारखी उभी राहते, हे लक्ष देऊन ऐकलं तर सहज पकडता येतं.

पोशाखावरून जे चालतं त्यावर दोनच वाक्यं. चांदीच्या बटणांचा तो चारो पोशाख मुळात घोडेस्वार जमीनदारांचा, जुन्या खेड्यातल्या वादकांचा नव्हे. ते साध्या पांढऱ्या सुती कपड्यांत वाजवत, तेव्हा पोशाख हा अस्सलपणाचा पुरावा कधीच नव्हता. गिटारॉनवर व्हिन्सेंट हिदाल्गो आहे, लॉस लोबोस या मेक्सिकन-अमेरिकन रॉक बँडच्या डेव्हिड हिदाल्गोचा मुलगा. ज्यांना ‘यांचा या संगीताशी संबंध काय’ असं वाटतं त्यांनी आधी त्याचा हात ऐकावा.

तुलनेसाठी एक माप हाताशी हवं. माझ्या मते ते लिंडा रॉनस्टॅटचं ‘कान्सियोनेस दे मी पाद्रे’, १९८७. ती अमेरिकन रॉकमधली मोठी गायिका, वाढली ॲरिझोनातल्या टुसॉनला, आणि वडिलांकडून मेक्सिकन वारसा. बोलायला स्पॅनिश फारशी येत नसताना तिने अख्खा अल्बम स्पॅनिशमध्ये केला. अमेरिकेत त्याच्या वीस लाखांवर प्रती खपल्या. पण वादनात तिने तडजोड केली नाही. मारियाची वार्गास दे तेकालित्लान हा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सुरू झालेला ताफा तिच्यामागे होता, आणि वाद्यरचना रुबेन फुएन्तेस यांच्या, जे १९४४पासून त्याच ताफ्याशी जोडलेले. त्या अल्बमात एक वापांगो, म्हणजे सोनचाच एक प्रकार, आहे, ‘रोगासियानो’ नावाच्या गवयावरचा. त्यात दोन गोष्टी ऐका. विउएलावर मधूनच हाताच्या तळव्याने तारा दाबून मारलेला बंद ठोका, आणि गाताना छातीच्या आवाजातून एकदम वरच्या पातळ आवाजात जाणारी उडी. ती उडी लपवायची नसते, मुद्दाम ऐकवायची असते. आपल्याकडे आवाज फुटला म्हणून जिथे कान पकडतील, तिथे तिकडे दाद मिळते. १९९१चा ‘मास कान्सियोनेस’ हा याचाच पुढचा भाग. १९९२चा ‘फ्रेनेसी’ याच मालिकेत धरून त्यावर नाराज होणारे चाहते खूप, पण तो क्युबन वळणाचा अल्बम आहे. त्यात मारियाची शोधलं तर सापडणार नाही.

ऐकण्याचा क्रम मी असा सुचवेन: २०११, मग रॉनस्टॅट १९८७, मग २००९, आणि शेवटी २०१४. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र नको. गिटारॉनचा सर्वांत खालचा ए ५५ हर्ट्झचा, त्याचा वरचा जोडीदार ११० हर्ट्झचा. फोनचा स्पीकर हे दोन्ही जवळजवळ गिळून टाकतो. ‘बेस पातळ वाटतो’ ही तक्रार करणारे बरेचजण फोनवर ऐकत असतात. साधे तारेचे इयरफोन पुरतात. पहिल्या वेळी फक्त गिटारॉनवर बोट आपटा, दुसऱ्या वेळी फक्त विउएलावर, गाणाऱ्याकडे बघूच नका.

आता बसवण्याचं. होतं, आणि खर्चही फार नाही.

विउएलासाठी साधी नायलॉन गिटार घ्या आणि नायलॉन तारांचे दोन संच. सहावी तार काढून ठेवा. पाचव्या जागी संचातली ‘जी’ (G) सुराची तार लावून अर्धा स्वर उतरवा, म्हणजे एफ शार्प. चौथ्या जागी बी तार, बी सुरातच. तिसऱ्या जागी ई तार, ई सुरातच. दुसऱ्या जागी दुसरी ‘जी’ तार, अर्धा स्वर चढवून जी शार्प. पहिल्या जागी दुसरी बी तार, एक स्वर चढवून सी शार्प. आणि तिसऱ्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा. ए, डी, जी, बी, ई असे विउएलाचे सूर तयार. कॅपोविना थेट सूर लावायच्या भानगडीत पडू नका. गिटारच्या पूर्ण लांबीवर मधली ‘जी’ तार त्या उंचीला नेताना तुटते, आणि सहसा गाण्याच्या आदल्या दिवशी तुटते. कॅपोचा आणखी फायदा म्हणजे नटवरच्या (मानेच्या टोकाच्या पट्टीवरच्या) खाचा वेगळ्या जाडीच्या असल्या तरी फरक पडत नाही. कॉर्ड गिटारचेच धरायचे. पिक वापरायचं असेल तर मऊ, एरवी नखांनी. नव्या तारा चारपाच दिवस ताणत राहतात, तेव्हा तालमीच्या दिवशी बदलू नका.

गिटारॉनला बेस गिटार. ब्रिजजवळ तारांखाली भांडी घासायच्या स्पंजची पट्टी दाबून घाला, स्वर अर्ध्या मात्रेत मेला पाहिजे. टोन पूर्ण खाली. स्वर नेहमी जोडीने: ई तारेवर पाचव्या पडद्याचा ए आणि त्याच वेळी डी तारेवर सातव्या पडद्याचा ए, अंगठा आणि मधलं बोट एकदम ओढून. एक तार सोडून, दोन पडदे पुढे, हा पंजा घट्ट धरून मान भर फिरायचं. इथे होणारी हमखास चूक म्हणजे बेसवाला रिकाम्या जागा भरायला लागतो. भरू नये. त्या जागा विउएलाच्या आहेत.

व्हायोलिन एक ठेवा नाहीतर तीन. दोन व्हायोलिन एकाच सुरात किंचित जरी हलली तरी ती थरथर उघडी पडते. तीन झाली की चूक मिसळून जाते. ट्रम्पेट दोन मिळाले तर उत्तम. लग्नाच्या ब्रास बँडमधले वादक सूर आणि दम दोन्हीला कमी नसतात, मात्र दुसऱ्या ट्रम्पेटवाल्याला त्याचे स्वर वेगळे लिहून किंवा गाऊन द्या, नाहीतर तो आपोआप पहिल्याच्याच सुरात जाईल. उभं राहताना ट्रम्पेट व्हायोलिनच्या माइकपासून सगळ्यात लांबच्या टोकाला. जवळ उभे केले तर मिक्सरवर व्हायोलिन वाढवताना ट्रम्पेटच वाढत जातो आणि ते नंतर काही केल्या निस्तरत नाही.

ड्रम हवाच असेल तर ब्रश, आणि स्नेअरच्या तारा सैल. सहा मात्रांच्या गाण्यात चौथ्या मात्रेवर स्नेअर मारायचा नाही एवढा एकच नियम पाळा. ड्रमरला तो पाळवत नसेल तर त्याच्या हाती मराका, म्हणजे खुळखुळे द्या. सुरुवात मात्र सोनपासून नको. दोन मात्रांची रांचेरा घ्या, धुम-चक आठवडाभर घोटा, मग वॉल्ट्झ, आणि सोनला तिसऱ्या महिन्यात हात लावा. तेव्हाही अर्धा ग्रुप तीन-तीन आणि अर्धा दोन-दोन-दोन टाळी देत, कुणीही वाद्य न धरता, दहा मिनिटं टिकला तरच.

शेवट सगळ्यात जास्त फसतो. शेवटच्या ओळीला गायक स्वर धरून ठेवतो, सगळे थांबतात, आणि मग दोन कोरडे ठोके, पंचमाचा कॉर्ड आणि षड्जाचा कॉर्ड, ‘चान-चान’. दुसरा ठोका पहिल्यापेक्षा मोठा नसतो. नवखे ग्रुप तिथे जोर लावून झांजा वाजवतात आणि अख्खं गाणं पुन्हा रॉकमध्ये जाऊन पडतं. हा शेवट कुणाच्या इशाऱ्यावर द्यायचा ते आधी ठरवा. गायकाच्या नको, त्याचे डोळे मिटलेले असतात. गिटारॉनवाल्याच्या खांद्यावर ठेवा.